बायरिश वाल्डमधल्या गावात मुलाला घेऊन यावं का? जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न असा: नवऱ्याला बायरिश वाल्डमध्ये, म्हणजे जर्मनीच्या चेक सरहद्दीकडच्या डोंगराळ भागात, दोन-अडीच हजार वस्तीच्या गावातल्या कारखान्यात नोकरी मिळतेय. मुलगा सात वर्षांचा, कोथरूडला दुसरीत. तुम्ही बँकेतली नोकरी सोडून येणार. जेवणाचं, एकटेपणाचं, शाळेचं कसं होतं, आणि एकूणात यावं का?

मी त्याच पट्ट्यात, साधारण तेवढ्याच गावात २०१७ च्या उन्हाळ्यापासून राहते. गावाचं नाव लिहीत नाही. इथे भारतीय घर आमचं एकच आहे, आणि हे वाचायला शेजारीण नक्की फोनवर भाषांतर लावेल. दोन ओळींत उत्तर देऊन उठणार होते, पण तुमच्या मुलाचं वय वाचलं आणि बसले. आमची मुलगी आली तेव्हा आठ वर्षांची होती.

व्हिसा, ब्लू कार्डची पगारमर्यादा, आरोग्यविमा, आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवणं हे सगळं सरकारच्या ‘मेक इट इन जर्मनी’ या साइटवर नीट लिहिलेलं आहे. ते परत सांगत नाही. म्युनिक-फ्रँकफर्टवाल्या नातेवाइकांचे सल्लेही बाजूला ठेवा. ते चुकीचं सांगत नाहीत, वेगळ्या देशाबद्दल सांगतात.

प्रदेश सुंदर आहे, त्यात वाद नाही. आल्प्स डोळ्यासमोर आणू नका. सगळ्यात उंच डोंगर ग्रोसर आर्बर, १४५६ मीटर, म्हणजे कळसूबाईहून एकशे नव्वद मीटरने कमी. बाकी गोलसर टेकड्या आणि त्यांवर काळपट हिरवं स्प्रूसचं जंगल. जर्मनीतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९७० मध्ये इथेच झालं. खोडात शिरणाऱ्या किड्याने नव्वदच्या दशकात डोंगरच्या डोंगर वाळवले, तेव्हा उद्यानाने गाभ्याच्या भागात झाडं तोडायला नकार दिला, जंगलाचं जंगल बघून घेईल म्हणून. गावकरी चिडले होते. म्हातारी माणसं अजून चिडतात. आता त्या वाळक्या खोडांमधून नवं रान माणसाच्या डोक्यावर गेलंय. जून ते सप्टेंबर इथे आलात तर परत जावंसं वाटणार नाही. तुमचा नवरा मुलाखतीला जुलैत आला होता असं तुम्ही लिहिलंय. फेब्रुवारीत आला असता तर बरं झालं असतं.

गाडीचं आधी बघा, घरही नंतर बघितलं तरी चालेल. बस शाळेच्या वेळेवर धावते, शाळेला सुट्टी की बसलाही सुट्टी. गाव वाल्डबानच्या रुळावर असेल तर नशीब, प्लाटलिंगला जाऊन पुढे कुठेही जाता येतं. गंमत म्हणजे इथे मुक्कामाला आलेल्या पर्यटकांना ‘गुटी’ नावाच्या कार्डावर बस-रेल्वे फुकट असते, आणि आपण मात्र तिकीट काढायचं. भारतीय लायसन्सवर सहा महिने गाडी चालवता येते, मग लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीतून देता येते. कायद्याने सक्तीचे तास नाहीत, पण तास घ्याच. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाच्या हातापायात उतरायला वेळ लागतो. आणि परीक्षा नवऱ्याबरोबर तुम्हीही द्या, पहिल्याच वर्षी. ज्या बायकांनी ‘नंतर बघू’ म्हटलं त्या अजून नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणे डॉक्टरकडे जातात.

जेवणखाण: काही प्रश्न नाही. मसूर, हरभरे, बासमती कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, तूरडाळ आणि पोहे ऑनलाइन मागवायचे. बाहेर शाकाहारी माणसाला चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे जाड शेवयांसारखा प्रकार, आणि केक, एवढंच. फोडणीच्या वाफेने भिंतीला बुरशी धरते असं घरमालक म्हणेल. थोडं खरं आहे. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, उणे दहा असलं तरी.

बर्फ: भाड्याचा करार वाचा, घरासमोरचा पदपथ साफ करायची जबाबदारी बहुतेक तुमच्यावरच असेल. सकाळी सातच्या आत. पहिल्या हिवाळ्यात मी फावडं भरभरून बर्फ उचलून टाकत होते. समोरच्या आजोबांनी खिडकीतून दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी स्वतःचं रुंद पात्याचं फावडं घेऊन आले, माझ्या हातातलं काढून घेतलं आणि न बोलता दाखवलं: उचलायचं नाही, कमरेला टेकवून ढकलत न्यायचं, कडेला नेऊन पालथं करायचं. नंतर ते फावडं आमच्याच दाराशी ठेवून गेले. परत करायला गेले तर दार उघडून एवढंच म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यात अजून पडणार आहे.’

एकटेपणा. असतो. पहिली दोन वर्षं जास्त, नोव्हेंबर ते मार्च फार. व्हिटॅमिन डी घ्या, मिळेल ते काम धरा, पुढे चला. मी बेकरीत काउंटरवर उभी राहिले, एम.कॉम. असून. इथली बोली शिकले ती तिथेच, क्लासात नाही. मग डेगेनडॉर्फला एका कर सल्लागाराकडे अर्धवेळ लागले. म्युनिकला मराठी मंडळींचा गणपती असतो, वर्षातून एकदा जाऊन आरती म्हणून येतो. डेगेनडॉर्फच्या तांत्रिक विद्यापीठात आपली मुलं भरपूर आहेत, दिवाळीला त्यांतली चार-पाच घरी येतात आणि चकल्या संपवून जातात. झालं.

खरा त्रास वेगळाच होता, तो नजरेचा. तुमचा दिवा रात्री किती वाजता बंद झाला, कचऱ्याचा डबा चुकीच्या आठवड्यात बाहेर आला का, पाहुण्यांची गाडी कुठल्या पासिंगची होती, हे सगळं गावाला माहीत असतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहून हे विसरायला झालं होतं, मी तर चिपळूणची, मला नवीन नव्हतं. आणि तीच नजर आजारपणात दारात सूप घेऊन येते, हेही तितकंच खरं. गाव आत घेतं, पण त्याच्या पद्धतीने: फॉयरवेअरमध्ये. म्हणजे गावची स्वयंसेवक अग्निशमन टोळी. आग क्वचितच लागते. बाकी वर्षभर वादळात पडलेली झाडं बाजूला करणं, जत्रा, बिअरचे तंबू, मे महिन्याचा खांब उभा करणं, आणि कोणी वारलं की गणवेशात प्रेतयात्रेला उभं राहणं. माझा नवरा वर्गणी भरणारा सभासद झाला तेव्हा बेकरीत लोक मला आडनावाऐवजी नावाने हाक मारायला लागले. जर्मन बी-वनच्या सर्टिफिकेटने जे झालं नव्हतं ते त्या वर्गणीने झालं.

आता कागदपत्रं. इथे माझा आवाज चढला तर चढू दे.

पहिलं म्हणजे आपलं मधलं नाव. पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे. इथल्या कचेरीच्या हिशेबी ती माझीच दोन नावं. दवाखान्यात, विम्याच्या पत्रात, वाचनालयाच्या कार्डावर मी नवऱ्याच्या नावाने वावरते. मुलीच्या दाखल्यावर बापाचं नाव, म्हणून वर्गाच्या हजेरीत ती मुलगा की मुलगी असा घोळ पहिल्याच दिवशी झाला. निघण्याआधी तिघांच्या पासपोर्टांवर, लग्नाच्या दाखल्यावर आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर नावं अक्षरशः एकसारखी आहेत का ते बघा. एका अक्षराच्या फरकाने इथे तीन महिने जातात. तुमचा स्वतःचा जन्मदाखलाही काढून बघा. माझ्या दाखल्यावर माझं नावच नव्हतं, नुसतं ‘मुलगी’ आणि आईवडलांची नावं. आपल्या पिढीत हे सर्रास होतं. नाव घालून घ्यायला भावाने नगरपालिकेत किती हेलपाटे घातले ते त्यालाच माहीत. मग मराठीचा शपथबद्ध भाषांतरकार शोधायचा. हिंदीचे मिळतात, मराठीचे हुडकावे लागतात. हा दाखला मला नागरिकत्वाच्या अर्जाला हवा होता. अर्ज भरून फाइलीत आहे. अजून दिलेला नाही. भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

दुसरं, नवऱ्याचा इथे राहण्याचा परवाना आणि तुमचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला २०२० मध्ये कायमचा मिळाला. माझा तेव्हाच्या नियमांनी अजून लांब होता (नियम नंतर सैल झाले, तुमच्या वेळचे बघा), आणि कार्डाची मुदत २०२१ मध्ये संपली. जिल्हा कचेरी करोनामुळे अर्धी बंद. मेलला उत्तर एकच: अर्जावर प्रक्रिया चालू आहे, चौकशी करू नये, चौकशीने उशीर होतो. तोवर हातात एक घडीचा कागद देतात, त्याला फिक्शन्सबेशाइनिगुंग म्हणतात. तुमचा जुना परवाना अजून चालू आहे ‘असं मानलं जावं’ असा त्याचा अर्थ. त्यावर तीन चौकटी असतात आणि एकीत खूण. परदेशी लोकांच्या राहण्याच्या कायद्यातल्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमाच्या चौकटीत खूण असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्या पोटकलमाच्या चौकटीत असेल तर त्या कागदावर परतीची हमी नाही. कागद हातात पडला की कचेरीतून बाहेर पडण्याआधी ही खूण बघा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

माझी खूण बरोबर होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आईचं घर बाजारपेठेच्या मागे. तळमजला छतापर्यंत पाण्यात, आई माडीवर, फोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन लागला. मी कचेरीत फोन केला. बाई म्हणाल्या, तत्त्वतः परत येता येईल. तिकिटाच्या एजंटला विचारलं, तर तो म्हणाला, मुंबईच्या काउंटरवर हा कागद ओळखतील याची खात्री देत नाही, शिवाय करोनाचे नियम दर आठवड्याला बदलतायत. मुलगी बारा वर्षांची. मी गेले नाही. भाऊ आणि वहिनी खराट्याने चिखल काढत होते आणि मी इथे खिडक्या उघडून हवा खेळवत होते. आई अजून म्हणते, ‘बरं झालं नाही आलीस, चिखलात काय करणार होतीस?’ यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही. कार्ड डिसेंबरात आलं. सोबत बिल होतं.

त्या जिल्हा कचेरीच्या दारात क्रूस लावलेला आहे. २०१८ पासून बायर्नमधल्या, म्हणजे आमच्या बव्हेरिया राज्यातल्या, सरकारी इमारतींत तो लावायचा असा नियम आहे. नुसतं सांगते, तक्रार नाही.

आणि आता शाळा. यासाठीच खरं लिहायला बसले.

बायर्नमध्ये मुलांची वाटणी चौथीनंतर होते. दहा वर्षांचं पोर, आणि पुढे गिम्नाझियुम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूल (दहावीपर्यंतची मधली) की मिटेलशूल (कामधंद्याकडे नेणारी) हे ठरतं ते तीन विषयांच्या सरासरीवर: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास. इथे एक हा सर्वांत चांगला गुण आणि सहा सर्वांत वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत रेआलशूल, त्याच्या पलीकडे मिटेलशूल. मेच्या सुरुवातीला दाखला मिळतो. तोवर बावीसेक चाचण्या होतात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जर्मनच्या. हे सगळं सरकारी पत्रकात आहे. पत्रकात नसतं ते हे, की चौथीच्या वर्षी शाळेच्या फाटकाबाहेर आयांची एकमेकींशी बोलण्याची पद्धत बदलते. जर्मनीत स्पर्धा नसते असं आपल्याकडे जे बोलतात, त्यांना मी आमच्या फाटकापाशी मार्चमध्ये आणून उभं करीन.

आमची शाळा लहान. तिसरी-चौथी एकाच वर्गात, एकच बाई, आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेसारखं. मोठ्या शहरांत परदेशी मुलांसाठी जर्मनचे वेगळे वर्ग असतात. खेड्यात मुलं पुरेशी नसतात, म्हणून वर्गही नसतो. आठवड्यातून दोन तास एक निवृत्त शिक्षिका यायच्या, प्रेमळ होत्या, चित्रं दाखवून शब्द शिकवायच्या. मुलगी सहा महिन्यांत बोलायला लागली, पण बोलायला लागली ती इथली बोली. मैदानावर जी जर्मन चालते ती वहीत चुकीची ठरते. तिच्या निबंधावर लाल शाई सांडलेली असायची, आणि ती मला विचारायची की आम्ही सगळे असंच तर बोलतो.

तिसरीत तर अजून एक गोष्ट. ईस्टरनंतरच्या रविवारी तिसरीच्या मुलांचं पहिलं कम्युनियन असतं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा सोहळा. गाव कॅथलिक, म्हणजे जवळजवळ सगळा वर्ग. महिनाभर वर्गात त्याचीच चर्चा: पांढरे झगे, केसांत माळलेली फुलं, प्रत्येकाची स्वतःची सजवलेली मेणबत्ती, आजोबांकडून मिळणारं घड्याळ. धर्माच्या तासाला आमची मुलगी आणि दुसरीतला एक मुलगा वेगळ्या खोलीत नीतिशिक्षणाला. तिने घरी येऊन झगा मागितला. आम्ही दोघं संध्याकाळभर वाद घालत बसलो, एक म्हणे घेऊन देऊ, एक म्हणे कशासाठी. शनिवारी शेजारीण आली आणि तिने एक मेणबत्ती दिली, वर मेणाच्याच निळ्या अक्षरांत मुलीचं नाव लिहिलेलं. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला कोणाचीच हरकत नसते, म्हणाली. मग झगाही घेतला. फोटो आईला पाठवला नाही.

चौथीत जर्मन चार, गणित दोन, परिसर अभ्यास दोन. बेरीज आठ, सरासरी २.६६. रेआलशूल, काठावर. भाषा येऊन पुरती दोन वर्षं न झालेल्या मुलीने नदीचं खोरं, गावची पंचायत, पाणीपुरवठा हे सगळं जर्मनमध्ये लिहून दोन आणले होते. बाई म्हणाल्या, छान झालं, रेआलशूल तिला झेपेल. गिम्नाझियुममध्ये तीन दिवसांची प्रवेशचाचणी देता येते हे आम्हाला माहीत होतं. बाई म्हणाल्या, मुलीवर ताण कशाला. आम्हीही म्हटलं, कशाला.

शरद ऋतूत नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने सहज सांगितलं. जी मुलं पहिलीपासून सलग जर्मन प्राथमिक शाळेत नव्हती, त्यांच्यासाठी बायर्नच्या नियमांत अपवाद आहे: सरासरी ३.३३ पर्यंत असली आणि कमतरता केवळ भाषेमुळे आहे, ती भरून निघेल असं शाळेचं मत पडलं, तर गिम्नाझियुमची शिफारस देता येते. ३.३३! आमची २.६६ होती. नियम छापलेला होता. आमच्याशी तो कोणी उच्चारला नाही. बाईंना माहीत नव्हता की माहीत असून त्यांना तसं वाटलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्या आता निवृत्त झाल्यात, रिसायकलिंग यार्डात शनिवारी भेटतात, मुलीची चौकशी करतात. वाईट बाई नाहीत. मी बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाकत राहते आणि छान चाललंय म्हणते.

आणि छान चाललंयच, इथेच तर माझी पंचाईत होते. रेआलशूल उत्तम निघाली. गेल्या वर्षी मुलगी दहावी झाली, पुढे बारावीसारखं शिकून कॉलेजला जाण्याची वाट तिला सरळ मोकळी होती. तिने त्स्वीझेलच्या काचशाळेत नाव घातलं. १९०४ पासूनची शाळा आहे. हा डोंगर काचेवरच जगत आलाय: भट्टीला लाकूड, खडकात क्वार्ट्झ, लाकडाच्या राखेतून पोटॅश, सगळं इथलं इथे. आता कारखाने बरेचसे बंद पडलेत. आमची मुलगी मात्र सकाळी सहाच्या गाडीने जाते आणि हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीसमोर उभी राहून लोखंडी नळीच्या टोकावरचा गोळा फिरवत फुंकते. हाताला भाजल्याचे डाग आहेत. ते ती मैत्रिणींना दाखवते.

तिचे आजोबा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, ‘काच फुंकायला जर्मनीला नेली होय?’ नवरा हसला. मी नाही. मी लगेच सांगायला लागले की यात मास्टर होता येतं, मास्टर झालं की विद्यापीठाचं दारही उघडतं, इथे कारागिराला मान आहे. सगळं खरं आहे. मी ते फार भरभर सांगते. गिम्नाझियुमला गेली असती तर तिने काचशाळा निवडली असती का, हा प्रश्न मी रात्री स्वतःला विचारते. मुलीला एकदा विचारला. ती म्हणाली, ‘आई, तू अजून तिथेच आहेस?’ मराठीत म्हणाली, पण हेल अगदी इथला.

आमच्या पट्ट्यात १० नोव्हेंबरच्या संध्याकाळी एक प्रकार असतो. गुरं रानातून परत आणणाऱ्या गुराख्यांची जुनी चाल, लांडगा हाकलायची. माणसं कमरेला मोठाल्या घंटा बांधून, वाकून, एका तालात त्या वाजवत गावभर फिरतात. कानठळ्या बसतात. मुलांचे वेगळे गट असतात. पहिल्या वर्षी आमची मुलगी कानांत बोटं घालून माझ्यामागे लपली होती, दोन वर्षांनी लहान घंटा बांधून रांगेत होती. मी टाळ्या वाजवल्या. ताल चुकला की पुढचा मोठा मुलगा मागे वळून बघायचा आणि ती पाय बदलायची. तुम्ही एकटेपणाबद्दल विचारलंत. मी तुम्हाला उलट विचारते, मुलगा त्या गावाचा झालेला चालेल का? शहरात मूल ‘परदेशात वाढलेलं भारतीय’ राहू शकतं, आजूबाजूला तशी पन्नास असतात. खेड्यात तसा प्रकारच नाही. तो एक तर बाहेरचा राहील किंवा इथला होईल, आणि तुम्ही त्याच्यासाठी दुसरंच मागत असाल. त्याला काय व्हावंसं वाटेल हे कोथरूडच्या नव्हे, त्या गावाच्या नकाशावर ठरेल: कारखाना, काचशाळा, जंगल, फॉयरवेअर, वृद्धाश्रमात नर्सिंग. यात कमीपणा काही नाही. मला अजून थोडा वाटतो.

यावं का, तर या. गिम्नाझियुमला काय, कुठेही काय, मुलगा शिकेल. पण शाळेत पहिल्या भेटीला दोघंही जा, आणि चौथीनंतरचा तो ३.३३ चा अपवाद तुमच्या मुलाला लागू होईल का हे तेव्हाच विचारा, लेखी उत्तर मागा. त्यांना विचित्र वाटेल, वाटू दे. तो दुसरीत आला तर पहिलीपासून इथे नव्हता, म्हणजे अपवादात बसायला हवा. शाळा कदाचित सुचवेल की भाषा येत नाही तर एक वर्ष मागे, पहिलीत बसवा. पहिलीत बसवलं की ती सवलत गेली असं धरून चाला, पण भाषेला एक जास्तीचं वर्ष मिळतं. नवरा म्हणेल वर्ष फुकट जातं. मी असते तर वर्ष घेतलं असतं.

त्याच्याशी घरी मराठीच बोला, जर्मनची काळजी करू नका, ती येते. आणखी काही विचारायचं असेल तर रविवारी विचारा. त्या दिवशी इथे काहीच उघडं नसतं, मी घरीच असते.